चादरीतून सहा पिशव्या

२३ जून २०१८ या शनिवारी महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशवीवर दंड सुरू झाला. अधिसूचना तीन महिने आधी, २३ मार्चला निघाली होती. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. आकडे ऐकून घराघरांतल्या माळ्यांवरून कापडी पिशव्या खाली उतरल्या. एखादी लग्नाच्या आहेरातली, एखादी साडीच्या दुकानाचं नाव छापलेली, एखादी आजीने पायजम्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेली. आहेरातल्या आणि दुकानातल्या पिशव्यांचे बंद काही महिन्यांत निखळले. आजीची पिशवी पुष्कळ घरांत अजून दळणाला जाते आहे.

ती का टिकली हे पाहायचं असेल तर ती उलटी करावी. आत कुठेही कापडाची कच्ची कड दिसत नाही, एकही सूत सुटलेलं नसतं. तोंडाशी रुंद दुमड असते, बंदाची टोकं त्या दुमडीच्या आत खोल गेलेली असतात आणि त्यांच्यावर चौकोन घालून आत फुली मारलेली असते. बस्स, एवढंच. या तीन गोष्टी ज्याला जमल्या त्याला पिशवी जमली. आणि ज्याला पिशवी जमली त्याला उशीचा अभ्रा, बटवा, पोथीचं वेष्टन, मिक्सरचं झाकण हे सगळं त्याच सरळ रेषेत पुढे जमतं. शिवण शिकण्याची सुरुवात ब्लाउजने करायची नसते, पिशवीने करायची असते, असं माझं ठाम मत आहे. ब्लाउज ही शिवणातली फार अवघड वस्तू आहे. तिथे पाव इंचाची चूक अंगावर दिसते. पिशवीला अंग नाही.

आपल्याकडे पूर्वी नेसतं कापडच पिशवीचं काम करायचं. नऊवारीच्या ओच्यात शेतातल्या शेंगा यायच्या, कनवटीला पैसे असायचे, पदराच्या गाठीत किल्ली. शिवलेल्या वस्तू त्या मानाने थोड्या: चंची, बटवा, पडशी. चंची उलगडली की लांब पट्टी आणि गुंडाळली की मुठीत मावणारी. पान, सुपारी, कात, अडकित्ता यांना वेगवेगळे कप्पे. पडशीला दोन्ही टोकांना खिसे आणि मध्ये खांद्यावर टाकायचा भाग, त्यामुळे निम्मं वजन पुढे, निम्मं मागे आणि दोन्ही हात मोकळे. चालत लांब जाणाऱ्या माणसासाठी याहून शहाणी रचना मला माहीत नाही. या सगळ्या वस्तूंत गोलाई नाही, कळी नाही, चुणी नाही. चौकोनी कापड घ्यायचं, दुमडायचं आणि सरळ टाका घालायचा. घरात ज्याच्या हाताला सुईची सवय होती त्याने त्या शिवल्या. पुढे रंगीत वायरची पिशवी आली, खांद्यावर शबनम आली. मग दुकानदाराने फुकट दिलेली पातळ पिशवी आली आणि घरातून निघताना पिशवी घ्यायची सवयच मोडली.

त्याची किंमत २६ जुलै २००५ला मुंबईने मोजली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठलंही शहर सहज पेलणार नाही, हे खरंच. पण पाणी वाहून न्यायच्या वाटा पिशव्यांनी बुजलेल्या होत्या, हेही तितकंच खरं. २००६मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद केली. केंद्राने ३० सप्टेंबर २०२१पासून ती मर्यादा ७५वर नेली आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२०वर. मायक्रॉन वाढत गेले, पण भाजीवाल्या मावशींसमोर उभं राहून ‘पिशवी द्या ना’ म्हणणारी माणसं तीच राहिली.

मधल्या काळात बाजारात एक फसवी वस्तू आली. दिसायला कापड, हाताला जराशी खरखरीत, लाल-हिरवी-निळी, मिठाईच्या आणि कपड्यांच्या दुकानांतून सर्रास मिळणारी. पुष्कळजण तिला कापडी पिशवी समजून जपून ठेवतात. ती नॉन-वोव्हन, म्हणजे विणलेली नसलेली, पॉलिप्रॉपिलीनची पिशवी. म्हणजे प्लॅस्टिकच. उजेडात धरली तर उभे-आडवे धागे दिसत नाहीत, ठिपक्या-ठिपक्यांनी दाबून चिकटवलेला थर दिसतो. आणखी खात्री हवी असेल तर तिचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून काडीपेटीची काडी लावावी, मोकळ्या हवेत आणि जपून. सुती कापड जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. हा तुकडा आक्रसतो, वितळतो आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. तेच प्लॅस्टिक चुरून चुरून मातीत आणि पाण्यात जातं.

मग दुकानातून नवी कोरी सुती पिशवी घ्यावी का? इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच चुकतात. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने १०,००० लिटर पाणी लागतं. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पिशवीमागे हजार लिटर. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक कपाशी पावसावर येते, पण तिच्यामागे फवारणी आहे, खत आहे, वेचणीचे हात आहेत आणि शेतकऱ्याने सोसलेली बोंडअळी आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा अभ्यास केला. साधी सुती पिशवी फक्त हवामानाच्या हिशोबाने परवडायची तर ती निदान ५२ वेळा वापरली पाहिजे आणि पाण्यापासून ओझोनपर्यंत सगळे हिशोब धरले तर ७,१०० वेळा, असं त्यात निघालं. त्या अभ्यासात रस्त्यावर फेकलेल्या, नाल्यात अडकलेल्या पिशवीचं नुकसान जवळजवळ धरलेलंच नाही, आणि आपल्याकडे खरं दुखणं तेच आहे. म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण त्यातला मुद्दा सोडूनही देऊ नये. प्रत्येक समारंभात वाटली जाणारी नवी पिशवी, जी घरी जाऊन दुसऱ्या पिशवीत कोंबली जाते, तिने कुणाचंच भलं होत नाही. ज्या कापडाचं पाणी आणि कष्ट आधीच खर्च झालेले आहेत, त्या कापडाची पिशवी करावी. जुनी चादर, पडदा, सुती पँट, निळ्या पट्ट्यांचं गादीचं कापड. यांतलं काहीच नसेल तर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, घ्यावं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तिथे आणि भिवंडी-मालेगावात आजही साधं सुती कापड भरपूर निघतं आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटपासून तालुक्याच्या कापड दुकानापर्यंत ते मिळतं. नवं कापड मात्र आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. शिवल्यानंतर ते आटलं तर शिलाई ओढली जाते.

टी-शर्टचं कापड पहिल्या पिशवीला नको, ते ताणतं. जुनी रेशमी किंवा सिंथेटिक साडीही नको, ती सुईखालून सरकते. जीन्स टिकाऊ खरी, पण दुमडींच्या जागी तिचे इतके थर होतात की घरची सुई मोडते. ती चौथ्या-पाचव्या पिशवीसाठी राखून ठेवावी.

आता बेतण्याचं. १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच पिशवी हे घरगुती वापराचं चांगलं माप आहे. पाच किलो दळण, आठवड्याची भाजी, मुलाची वह्या-पुस्तकं, प्रवासातले चपला-टॉवेल, वाचनालयाची पुस्तकं यांतलं काहीही तिच्यात बसतं. तळाशी शिलाई येऊ द्यायची नाही. एकच लांब पट्टा मधोमध दुमडायचा, म्हणजे तळ कधी उसवत नाही. त्यासाठी ३६ इंच लांब आणि साडेपंधरा इंच रुंद तुकडा लागतो. लांबीत १६ अधिक १६ आणि दोन्ही तोंडांच्या दुमडीसाठी दोन-दोन इंच. रुंदीत १४ आणि दोन्ही बाजूंना पाऊण इंच माया, म्हणजे शिलाईत जाणारं कापड. बंदांसाठी २२ इंच लांब आणि ४ इंच रुंद अशा दोन पट्ट्या.

एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंचांची असते. रुंदीत तीन तुकडे बसतात आणि लांबीत दोन, म्हणजे सहा पिशव्या. कडेला साडेतेरा इंचांची ९० इंच लांब पट्टी उरते. तिच्यातून ४ इंची तीन लांब पट्ट्या निघतात आणि प्रत्येकीतून २२ इंचांचे चार बंद. सहा पिशव्यांना लागणारे बाराच्या बारा बंद तेवढ्यातच होतात. खालच्या बाजूला १८ इंचांचा मोठा तुकडा शिल्लक राहतो, त्याचे बटवे होतील. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात चादर मधोमध विरते, कारण माणूस मध्ये झोपतो. म्हणून आधी चादर उजेडाकडे धरून विरलेला भाग खडूने आखून घ्यावा आणि तो वगळून बेतावं. सहाऐवजी चार निघाल्या तरी चालतील. विरलेल्या कापडाची पिशवी शिवण्यात गेलेला वेळ वाया जातो.

नवशिक्याला सगळ्यात जड जाते ती कात्री. रेघ सरळ असूनही कात्री वाकडी जाते आणि मग पुढचं सगळंच वाकडं होतं. साध्या विणीच्या सुती कापडाला कात्री फारशी लागतच नाही. कडेला अर्धा इंच चीर द्यायची, दोन्ही बाजू घट्ट धरायच्या आणि एका दमात फाडायचं. कापड धाग्याच्या रेषेनेच फाटतं, आणि ती रेषा कुठल्याही पट्टीपेक्षा सरळ असते. मांजरपाट विकणारे दुकानदार असंच फाडून देतात. फाडल्यावर कडा थोड्या मुरडतात, त्यांच्यावरून इस्त्री फिरवली की झालं.

बाजूच्या शिलाईला फ्रेंच शिलाई म्हणतात. नाव परदेशी असलं तरी आजीच्या पिशवीत हीच असते. इथे नवशिक्या हमखास अडखळतो, म्हणून सावकाश सांगते. कापडाची सुलट बाजू म्हणजे छान दिसणारी, उलट म्हणजे फिकी. एरवी सुलटीला सुलट लावून शिवायचं असतं. इथे आधी बरोबर उलटं करायचं. पट्टा असा दुमडायचा की सुलट बाजू बाहेर राहील. दोन्ही कडांना पाव इंचावर टीप मारायची. या क्षणी पिशवी सुलटी दिसते, पण कच्च्या कडा बाहेर लोंबत असतात आणि सगळं चुकल्यासारखं वाटतं. तसं वाटू द्यावं. बाहेर आलेली सुतं छाटायची, पिशवी उलटी करायची, कोपरे बोटाने नीट बाहेर काढायचे, शिलाईची कड चिमटीत धरून धारेवर आणायची आणि इस्त्रीने दाबायची. आता अर्ध्या इंचावर दुसरी टीप. पहिल्या शिलाईची कच्ची कड या दोन टिपांच्या मध्ये कायमची बंद झाली. पाव आणि अर्धा मिळून पाऊण इंच, म्हणून माया पाऊण घेतली होती. इंटरलॉकच्या मशीनची गरज नाही, पिशवी शंभर वेळा धुतली तरी आतून सूत निघत नाही.

तळ बसका हवा असेल तर पिशवी उलटीच ठेवून तळाचा कोपरा असा चपटा करायचा की बाजूची शिलाई त्रिकोणाच्या मधोमध येईल. टोकापासून आत, जिथे त्रिकोणाची रुंदी चार इंच भरते, तिथे आडवी टीप. दोन्ही कोपऱ्यांना असं केलं की पिशवी स्वतःच्या पायावर उभी राहते. रुंदी चार इंचांनी आणि उंची दोन इंचांनी कमी होते, पण डबा आडवा न होता सरळ बसतो. पहिल्या पिशवीला हे नाही केलं तरी चालेल.

बंद आणि तोंड यांत घाई करू नये, कारण पिशवी फाटते ती इथेच. पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करायची, उघडायची, दोन्ही कडा त्या मधल्या घडीपर्यंत आणायच्या आणि पुन्हा मिटायची. चार पदरी, एक इंच रुंद बंद तयार झाला. दोन्ही कडांनी टीप मारायची. पिशवीचं तोंड आतल्या बाजूला आधी अर्धा इंच आणि मग दीड इंच दुमडायचं. बाजूच्या शिलाईपासून साडेतीन इंच आत बंदाचं टोक या दुमडीखाली सारायचं, दुमडीची खालची टीप त्याच्यावरून न्यायची, मग बंद वर वळवायचा आणि दुमडीच्या रुंदीत चौकोन व आत फुली. दोन्ही बंदांची टोकं समोरासमोर आली पाहिजेत आणि बंदाला पीळ पडलेला नसावा. टाचणी लावून एकदा हातात धरून पाहावं, मगच शिवावं. फुलीमुळे वजन एका टिपेवर न येता सगळ्या चौकोनावर पसरतं. दुकानच्या पिशवीत बंद नुसता कडेला टोचलेला असतो, आणि बटाटे भरले की तो कडेसकट निघतो.

घरात मशीन नसेल तर ही पिशवी हातानेही होते. धावदोऱ्याने नाही, बखियाने. एक टाका पुढे आणि अर्धा मागे घेत गेलं की मशीनच्या टिपेइतकी घट्ट शिलाई येते. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याला गुंता होतो आणि प्रत्येक टाक्याला कापडातून ओढला जाऊन तो विरतोही. बंदाच्या चौकोनाला दुहेरी दोरा आणि त्यावर मेणबत्तीचं मेण फिरवलेलं बरं. बोटात अंगुस्तान घालावं. चार पदरांतून सुई ढकलताना त्याची किंमत कळते.

मशीनवर शिकणाऱ्यांसाठी शिवणवर्गांतली एक जुनी रीत फार चांगली आहे. पहिल्या दिवशी दोरा ओवायचाच नाही. वहीचा रेघी कागद सुईखाली ठेवायचा आणि नुसत्या सुईने रेघेवर भोकं पाडत जायचं. पाय आणि हात यांचा मेळ बसेपर्यंत चाक उलटं फिरतं, आणि दोरा असेल तर तो खाली गोळा होऊन बसतो. कागदावर तो त्रास नाही, आणि रेघ सुटली की लगेच दिसतं. मग कागदावर चौकोन आखून कोपऱ्यावर वळायचं: सुई खाली, दाब वर, कागद फिरवायचा, दाब खाली. बंदाच्या चौकोनाला हेच लागतं. चादरीच्या कापडाला १६ नंबरची सुई, इंचात दहा-बारा टाके. टीप सुरू करताना आणि संपवताना अर्धा इंच मागे-पुढे करून टाके पक्के करायचे. जुन्या काळ्या मशीनला मागे जायची दांडी नसेल तर दोऱ्याची दोन टोकं उलट बाजूला ओढून हाताने गाठ मारायची.

१९२४ साली गांधीजींना कुणीतरी विचारलं होतं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. त्यांनी सिंगरचं शिवणयंत्र अपवाद म्हणून पुढे केलं आणि माणसाने शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंत त्याची गणना केली. सिंगरचं पेटंट १८५१चं. चरख्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाने हे म्हणावं यात मला विसंगती दिसत नाही. हे यंत्र एका माणसाच्या हातापायांवर चालतं, घरात मावतं आणि घरातली गरज घरातच भागवतं. १९०९मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात बायकांना जे शिकवलं जाई त्यात शिवण होतंच. १९६७मध्ये मुंबईत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. पुढे ‘जन शिक्षण संस्थान’ या नावाने पसरलेल्या त्या जाळ्यात शिवणवर्ग अजून चालतात. आयटीआयमध्ये एक वर्षाचा शिवणाचा अभ्यासक्रम आहे. सोय नाही, असं म्हणता येणार नाही.

कमी आहे ती दुसरीच गोष्ट. शिवण हे मुलींचं काम, असं आपण ठरवून टाकलं आहे. शिंप्याचा धंदा शतकानुशतकं पुरुषांनी केला, संत नामदेव त्याच घरातले, तरी घरात सुईदोरा मुलाच्या हातात कुणी देत नाही. पाचवी-सहावीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवतो, तर पाव अधिक अर्धा म्हणजे पाऊण इंच माया हे त्याला पिशवी शिवताना एका दुपारी कळेल. शाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलांऐवजी मुलामुलींकडून प्रत्येकी एक पिशवी शिवून घ्यावी, ही माझी मुख्याध्यापकांना मनापासून विनंती आहे.

पिशवी जमली की उरलेल्या १८ इंचांच्या तुकड्यातून बटवे करावेत. रीत तीच, फक्त बंदांऐवजी तोंडाला नेफा. बाजूची शिलाई तोंडापासून दीड इंच खाली थांबवायची, मोकळ्या राहिलेल्या कडा आत वळवून शिवायच्या आणि मग तोंड दुमडून नाडी जाईल एवढी पोकळी ठेवायची. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावली की ती नेफ्यातून सहज सरकते. एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरी अशा दोन नाड्या ओवल्या की दोन्ही ओढल्यावर तोंड घट्ट मिटतं. औषधं, चार्जर, सुटे पैसे, प्रवासातले दागिने, भाकरी-चटणी, जपमाळ, ज्याला जे हवं ते. किराणा दुकानात डाळ-तांदूळ सुटे घेणाऱ्यांना असे पाच-सहा बटवे फार कामाला येतात.

कापडी पिशवीची एकच खरी अडचण आहे: ती घरी विसरली जाते. म्हणून एकदम चार शिवाव्यात. एक दाराच्या खुंटीला, एक स्कूटरच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत आणि एक धुण्यात. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या चादरी आणि पडदे बाहेर निघतातच. बोहारणीला देण्याआधी त्यांतली एक चादर बाजूला काढा आणि भाऊबीजेपर्यंत एक पिशवी पुरी करा, घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवून. शिलाई थोडी वाकडी गेली तरी उसवू नका. तिच्यातून पाच किलो दळण आणून पाहा. बंद जागेवर राहिले तर लगेच दुसरी बेतायला घ्या.